काटा खाली येईपर्यंत

मी उमेदीची वर्षं मॅग्नेशियममध्ये काढली असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर औषधाच्या दुकानातली दुधाळ बाटली उभी राहते. आमच्या एका विहीणबाईंनी तर भर पंगतीत मला बाजूला ओढून विचारलं होतं, जुन्या बद्धकोष्ठावर काही खात्रीचं आहे का हो तुमच्याकडे? मी इसबगोल सांगितला. काय करणार, विहीण पडली. पण ज्या मॅग्नेशियमवर माझं पोट चाललं ते पोटात घ्यायचं नव्हतं. ते विमानाच्या चाकांत होतं, सिनेमाच्या कॅमेऱ्यात होतं, गिरणीच्या यंत्रांत होतं. ते सडू नये म्हणून विजेच्या टाकीत बुडवून त्याला कवच चढवणं हे माझं काम. अंधेरी पूर्वेला, कुर्ला रोडच्या आतल्या अंगाला, पत्र्याच्या एका शेडमध्ये. स्वातंत्र्याला तेव्हा आठ-दहा वर्षं झाली असतील. शेडच्या मागे भातखाचरं होती आणि डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं जायची.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. यंत्राचे भाग करावेत अशा धातूंत मॅग्नेशियमइतका हलका दुसरा नाही. पण हलका तितकाच हळवा. खारा वारा लागला की त्याच्यावर पांढरी भुकटी धरते आणि खाली खड्डे पडत जातात. आमच्याकडे तर वर्सोव्याचा वारा दुपारनंतर थेट शेडमध्ये. नुसता रंग द्यावा तर तो पोपडे धरून सुटतो. म्हणून रंगाच्या आधी कवच. रबराचं अस्तर दिलेली मोठी टाकी, तिच्यात फ्लोराइडच्या क्षाराचं पाणी, वर दोन दांडे. दोन्ही दांड्यांना माल टांगायचा, बुडवायचा आणि घरात येते तशी उलटसुलट वाहणारी वीज सोडायची. सुरुवातीला अँपिअरचा काटा टुणकन वर उडतो, कारण उघड्या धातूतून वीज सुसाट जाते. मग जिथे कवच धरतं तिथे ती अडते, आणि उरलेल्या उघड्या जागा शोधत जाते. तिथली माती-मळी काढून टाकते, तिथेही कवच धरतं. असं करत करत काटा आपला आपण खाली येतो. तो तळाला टेकला की माल झाला. वर मोतिया राखाडी रंगाचा पातळसा थर. घड्याळाकडे बघायचं नाही, काट्याकडे बघायचं. काटा कुणाची भीडभाड ठेवत नाही, शेठची नाही आणि साहेबाचीही नाही. मला हे फार आवडायचं.

या धातूचं मोठं वैर तांब्याशी. टाकीच्या पाण्यात तांब्याचा अंश जरी उतरला तरी तो येऊन मॅग्नेशियमला चिकटतो, काळा ठिपका पडतो, आणि ठिपक्याखाली धातू किडक्या दातासारखा पोखरत जातो. म्हणून टाकीत तांब्यापितळेचं काही जाऊ द्यायचं नाही. माल टांगायचे आकडेसुद्धा मॅग्नेशियमचेच. हे शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी तिथे कशी आले? रसायनशास्त्राची पदवी होती, वडील गेले होते, पाठची दोन भावंडं शाळेत होती आणि आई पार्ल्यात लोकांचे ब्लाउज शिवत होती. मास्तरीण हो, असं सगळे नातेवाईक सांगत होते. एकानेही फी भरायला मदत केली नव्हती, त्यामुळे मी कुणाचं ऐकायला बांधील नव्हते. आमचे रमणिकशेठ मूळचे भंगारवाले. लढाई संपल्यावर विमानांचं भंगार घेता घेता या धंद्यात आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, इथे साडीला भोकं पडतील." मी म्हटलं, साडीला ठिगळ लावता येतं. नोकरी मिळाली.

टाकीवर खरा अंमल भिकाजी मेस्त्रींचा. माणूस देवगडकडचा, लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात मुलाम्याच्या कामावर होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती, ती फ्लोराइडने खाल्लेली. हे पाणी मोठं लबाड. अंगावर उडालं तर आधी काहीच वाटत नाही, आणि मग हाडात ठणका लागतो. मी नवी असताना एक थेंब माझ्या रबरी हातमोज्यात शिरला. मेस्त्रींनी माझं मनगट धरून हात नळाखाली इतका वेळ ठेवला, की मी वैतागले. मग मॅग्नेशियाचं मलम थापलं आणि दिवसभर येता-जाता बोट बघून गेले. माझं नख आजही शाबूत आहे ते त्यांच्यामुळे. शेडमध्ये ते मला 'बाई' म्हणायचे, अहोजाहो करायचे. मनातलं बोलायची वेळ आली की मालवणीत शिरायचे आणि मग मी 'बाय' व्हायची.

तिसरा पास्कू. मरोळ गावठाणातला ख्रिस्ती, तोंडाचा फटकळ, माल टांगण्यात एक नंबर. मेन स्विचच्या वर गणपतीची तसबीर होती आणि तिला वाहायचं जास्वंदीचं फूल रोज पास्कूच्या अंगणातलं. तो ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. सकाळी मी ते तसबिरीला वाहायचं, मग मेस्त्रींनी स्विच ओढायचा, असा रिवाज पडून गेला होता. महिन्यातले ते दिवस मात्र मी फूल टेबलावरच राहू द्यायची. आमच्या घरात आईचा शिरस्ता कडक, तोच अंगवळणी पडलेला. मेस्त्री आले की निमूट फूल उचलून स्वतः वाहायचे. त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार यायची. जवळच्या स्टुडिओतला एक कॅमेरावाला एकदा कॅमेऱ्याचं झाकण उपरण्यात गुंडाळून घेऊन आला. मढच्या किनाऱ्यावर शूटिंग केलेलं, झाकणावर पांढरी बुरशी. संध्याकाळपर्यंत द्या, तिकडे नटी खोळंबली आहे म्हणून माझ्या डोक्याशी बसला. मी म्हटलं, नटी मेकअपला जेवढा वेळ घेते तेवढा माझ्या झाकणालाही लागणार. गप्प बसला बिचारा, आणि पुढे तीन-चार कॅमेरेवाले त्यानेच धाडले.

पण आमच्या शेडचं नशीब ठरणार होतं ते चाकांवर. जुन्या डाकोटा विमानांची चाकं मॅग्नेशियमची. एका दुरुस्ती कारखान्याने ती आमच्याकडे परीक्षेदाखल द्यायला सुरुवात केली. खेप पसंत पडली तर कायमचं काम. पहिली खेप झकास उतरली. इन्स्पेक्टर साहेबांनी भिंगातून बघितली आणि मान हलवली. शेठने पेढे वाटले. दुसऱ्या खेपेला काळे ठिपके पडले. आधीचा किरकोळ माल थेट रंगाखाली जायचा, त्याला भिंग कुणी लावलंच नव्हतं.

एकदा पडले असते तर चुकून म्हणता आलं असतं. पण काही दिवस माल स्वच्छ निघायचा, मग पुन्हा ठिपके. त्या दिवसांत काटाही तळाला टेकायचा नाही, मध्येच कुठेतरी रेंगाळायचा. विमानाचं चाक म्हणजे काय चेष्टा आहे का! उतरताना सगळा भार त्याच्यावर. इन्स्पेक्टर साहेब शब्द न बोलता चाक परत करायचे.

मग कुजबुज सुरू झाली. मला ती पास्कूने सांगितली, आडपडदा न ठेवता. बाईचा हात लागतो म्हणून टाकी नासते, असं गडीमाणसं म्हणतात. लोणच्याच्या बरणीचं जसं होतं तसं. माझ्या अंगाचा भडका उडाला. फ्लोराइड आहे ते, कैरीचं लोणचं नाही, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा बोलले. मग घरी चालत जाताना मनाशी दिवसांचा हिशेब केला. ठिपके खरोखरच माझ्या त्या दिवसांच्या मागोमाग येत होते. दर वेळी. खोटं कशाला सांगू, रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मला त्या रस्त्यावर क्षणभर स्वतःच्या हातांची किळस आली. त्या एका क्षणाचा राग मला अजून येतो.

शेठ वाईट माणूस नव्हता, पण धंदेवाईक होता. त्याने मला बोलावून सांगितलं, की आता एकच खेप येणार. ती बिघडली तर चाकं गेली, आणि मग बाई, तुम्ही आपली शाळाच बघा. मी आईला काहीच बोलले नाही. ती मशीनवर वाकून लोकांचे ब्लाउज शिवत होती. नोकरी गेली तर भावंडांची शाळा सुटणार हे तिला मी सांगायची गरज नव्हती. मेस्त्री मात्र शेठच्या तोंडावर म्हणाले होते, की बाईंचा यात काही दोष नाही. मला ते ऐकून भरून आलं होतं.

मी टाकीच्या पाण्याच्या मागे लागले. फ्लोराइड काच खातं म्हणून आतून मेण लावलेल्या बाटलीत पाणी काढलं, टिपकागदावर त्याचा थेंब टाकला आणि वर तांबं ओळखायच्या पिवळ्या क्षाराचा थेंब. कागदावर विटकरी डाग उमटला. तांबं! मला हसायलाच आलं. बाईच्या विटाळात काय वाटेल ते असेल, पण तांबं असतं असं कुठल्याही शास्त्रीबुवाने म्हटलेलं नाही. आता ते कुठून येतं एवढंच शोधायचं होतं. दांड्यांना चिंध्या गुंडाळल्या, तारा तपासल्या, चिमटे बदलले. तरी डाग गडदच. म्हणजे तांबं बाहेरून ठिबकत नव्हतं, टाकीच्या आत होतं. तळाला गाळ साचायचा, दह्यासारखा पांढरा. टाकी उपसून तो गाळ काढायचा असं मी ठरवलं.

मेस्त्रींनी विरोध केला. कशाला उपसायची, पाणी वाया जाईल, क्षार विलायतेहून येतो, असं काहीबाही. मला नवल वाटलं, कारण एरवी टाकीच्या स्वच्छतेला तेच सगळ्यांच्या पुढे. मी ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघांनी वरचं पाणी मेण दिलेल्या लाकडी पिंपांत काढलं आणि पास्कू लाकडी फावड्याने गाळ ओढू लागला. फावड्यात काहीतरी किणकिणलं.

पैसे होते. भोकाचे पैसे, राजाच्या अमदानीतले, ते तेव्हा अजून चलनात होते. पाण्याने खाऊन खाऊन कागदासारखे पातळ झालेले, भोकं मोठी झालेली, एकदोन तर नुसत्या कड्या उरलेल्या. पास्कूने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मेस्त्रींकडे पाहिलं. मेस्त्री पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले.

"ते माझे आसत," ते म्हणाले.

मला वाटलं, कुणीतरी माझ्या वाईटावर टपून हे केलं असेल आणि मेस्त्री त्याला पाठीशी घालताहेत. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान हलवली. खाडी ओलांडताना होडीतून पैसा टाकतात, देवीला टाकतात, तसा मी टाकीला टाकायचो, असं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. कधी टाकायचा, हे मी विचारलं.

"तू फूल टेबलार ठेयतंस तेव्हा," ते म्हणाले. "देवाक चालणा नाय, मगे टाकीक कसा चालतला? तुझी नोकरी ऱ्हवाक व्हयी, टाकीय ऱ्हवाक व्हयी. म्हणान तुझ्या नावान एक पैसो."

ज्या माणसाने माझं बोट वाचवलं, शेठपुढे माझी बाजू घेतली, त्यानेच माझा विटाळ उतरवायला पैसा टाकून टाकी नासवली होती. तीही मायेने. दर महिन्याला. आणि त्याला इशारा कुणी दिला? मी. फूल टेबलावर ठेवून. मला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "मेस्त्री, भोकाचा पैसा तांब्याचाच की. तुम्हीच मला शिकवलंत, टाकीत तांबं नको." ते म्हणाले, ते तांबं कुठे होतं, ते दान होतं. यावर काय बोलणार, कपाळ!

शेठला मेस्त्रींनी स्वतः जाऊन सांगितलं. मी दारात उभी होते. शेठने खाऊ की गिळू असं बघितलं आणि हिशेब करून घरी जा म्हणाला. मी आत जाऊन सांगितलं, की मेस्त्री गेले तर टाकी मी चालवणार नाही. शेठ चिडला. मघापर्यंत तुमच्या जाण्याची गोष्ट होती आणि आता तुम्ही मला धमकी देता, म्हणाला. मी म्हटलं, धमकी नाही, चाकं हवीत की नकोत एवढंच ठरवा. मला मेस्त्रींचा भयंकर राग आला होता, पण त्यांच्याइतका काट्याचा अंदाज अख्ख्या अंधेरी-घाटकोपरात दुसऱ्या कुणाला नव्हता, हेही तितकंच खरं होतं. शेठने हात जोडले आणि आम्हाला दोघांनाही घालवून दिलं, टाकीकडे.

पाण्यात उतरलेलं तांबं काढायची युक्ती सोपी आहे. मॅग्नेशियमच्या भंगाराचे तुकडे टांगून ठेवायचे. तांबं त्यांना चिकटतं, ते काळे पडले की फेकायचे, नवे टांगायचे. टिपकागदावरचा डाग फिकट होत होत नाहीसा होईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. एरवीही पैसा गाळात रुतला की उरलेलं तांबं चाकंच अंगावर ओढून घ्यायची, म्हणून मधले दिवस माल स्वच्छ निघायचा. गाळ आणि खराब पाणी आम्ही सरळ मागच्या ओढ्यात सोडलं. सगळेच सोडत होते. आज तिथे ओढाही नाही आणि शेडही नाही, काचेची इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना मला शेडबद्दल काही वाटत नाही, ओढ्याबद्दल वाटतं.

त्या दिवसांत मी मेस्त्रींशी कामापुरतंच बोलत होते. शेवटची खेप निघाली. काटा तळाला टेकला, चाकं मोत्यासारखी. इन्स्पेक्टर साहेबांनी भिंग खिशात ठेवलं आणि पुढच्या चाकांचं कधी, एवढंच विचारलं. नोकरी राहिली. मी विजयी मुद्रेने मेस्त्रींकडे बघितलं. म्हटलं, आता तरी पटलं? मेस्त्रींनी शांतपणे सांगितलं, की तांब्याने टाकी नासते हे कळलं, पण विटाळाने नासत नाही हे कुठे सिद्ध झालं? ही खेप काढली तेव्हा फूल तसबिरीवर होतं. त्यांचं बरोबर होतं. आजवर पैसा आणि मी, दोन्ही नेमके एकाच वेळी टाकीच्या वाट्याला आलो होतो. प्रयोग अर्धाच झाला होता.

तो पुरा झाला खंडेनवमीला. आमच्याकडे दरवर्षी टाकीची पूजा व्हायची. दांड्यांना झेंडूची माळ, टाकीला बाहेरून हळदकुंकवाची बोटं, आणि नारळ दाराबाहेर फोडायचा, टाकीजवळ नाही, हा माझा नियम. नारळ नेहमी मेस्त्री फोडायचे. त्या वर्षी शेठ म्हणाला, चाकं बाईंनी वाचवली, नारळ बाई फोडणार. सगळे जमले. मेस्त्रींनी नारळ माझ्यापुढे धरला, आणि त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली. जास्वंद तिथेच होती. त्यांचा हात आखडला. आधी पास्कूच्या लक्षात आलं, मग बाकीच्यांच्या. कुणी कुणाकडे बघेना.

त्या काळात ही गोष्ट बाई सख्ख्या भावापुढेही बोलत नसे. माझे कान तापले. पण गप्प बसले असते तर जन्मभर दर महिन्याला माझ्या नावाने कुणी ना कुणी काहीतरी टाकत राहिलं असतं.

"मेस्त्री, मी आज बाहेरची आहे," मी म्हटलं. "चाकं मी माझ्या हाताने टांगते. तुम्ही वीज सोडा. काटा खाली आला नाही, तर नारळाला नाही आणि टाकीलाही मी पुन्हा हात लावणार नाही."

शेठ काही बोलायला गेला, मेस्त्रींनी त्याला हाताने थांबवलं. मी पदर खोचला, मोजे काढून ठेवले, माझ्या उघड्या हातांनी एकेक चाक पुसलं आणि दांड्यांना टांगलं. मग मोजे चढवून ती पाण्यात सोडली. मेस्त्रींनी नारळ खाली ठेवला आणि तसबिरीला हात जोडून स्विच ओढला. काटा टुणकन वर गेला. माझी खात्री होती, शंभर टक्के खात्री होती, तरी काट्यावरून नजर हलवली नाही. मेस्त्री व्होल्ट चढवत राहिले. काटा उतरू लागला, अर्ध्यावर आला आणि अडखळला. तो तिथे नेहमीच जरा अडखळतो, हे मला ठाऊक होतं, मेस्त्रींनाही ठाऊक होतं. कुणीतरी मागे खोकलं. मग काटा हलला आणि सावकाश, आपला आपण, खाली येत तळाला टेकला.

मेस्त्रींनी नख नसलेल्या बोटाने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी चाक वर काढायला लावलं, उजेडात फिरवून फिरवून बघितलं, शेठच्या चष्म्यातूनही बघितलं. ठिपका नव्हता. नारळ त्यांनी तिथेच राहू दिला. माझ्या टेबलाशी गेले, जास्वंद उचलली आणि मोजे उतरवलेल्या माझ्या उघड्या हातावर ठेवली.

"आधी फूल व्हाय गे बाय," ते म्हणाले. "नारळ मगे."

मी स्टुलावर चढले आणि फूल वाहिलं.